काढता यायला पायजे

काच बसवायला आलेला मुलगा विशीतला असेल. ट्रकच्या पुढच्या दोन्ही काचांभोवतीचं रबर त्याने अंगठ्याने दाबत दाबत पाहिलं. खालच्या कोपऱ्यात एक तुकडाच हातात आला. तो त्याने चोळला, काळी भुकटी पँटला पुसली आणि तात्यांना म्हणाला, "तात्या, आता रबराच्या नादाला कशाला लागताय? ग्लू मारतो, काच चिकटवून टाकतो. कायमचं काम. पुन्हा काढायचा विषयच नको." तात्या गोठ्याच्या कट्ट्यावर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "न्हाई बाळा," ते म्हणाले, "काढता यायला पायजे." मुलाने वाद घातला नाही, पिशवी उघडून कामाला लागला. घडलं ते एवढंच. पण पुण्याला परत आल्यावरही ते वाक्य मनातून जाईना. कायमचं काम होत असताना माणूस ते नको का म्हणतो, आणि तेही सत्तरी उलटल्यावर, ज्या ट्रकला लोक भंगारात काढायचा सल्ला देतात त्या ट्रकबद्दल?

ट्रक टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, १२१०. पहिले दोन आकडे टनांचे, पुढचे दोन इंजिनाच्या ताकदीचे. गोल नाक, पुढे आलेलं बॉनेट, आणि समोर एकसंध काच नाही, तर मध्ये उभा खांब घालून दोन सपाट काचा. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले, १९६९ मध्ये तो करार संपला आणि नाकावरचा तारा गेला. पण आमच्याकडची जुनी ड्रायव्हर मंडळी पुढे कितीतरी वर्षं या गाड्यांना मर्सिडीजच म्हणत. तात्या म्हणजे माझे धाकटे काका. कारखान्यातून आलेला पुढचा पत्र्याचा चेहरा आणि त्याला गावाकडच्या बॉडी बिल्डरने जोडलेली लाकडी केबिन, अशी ही गाडी. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. माझी जागा इंजिनाच्या झाकणावर, चौघडी घातलेल्या गोधडीवर. खालून ऊब यायची, डिझेलचा आणि गुळाचा मिळून एक वास यायचा, आणि डोळ्यांसमोर बरोबर तो मधला खांब. त्यामुळे मला रस्ता कायम दोन भागांत दिसला. उजवा भाग तात्यांचा, ज्यावर वायपर चालायचा. डावा भाग माझा. त्यावर बाहेरून चिकटलेले किडे, चिखलाचे शिंतोडे आणि आतून माझ्या नाकाचा ठसा.

कोल्हापुरात गुळाचे रवे भरायचे, मलकापूर करत आंबा घाट उतरायचा, साखरप्याला चहा, हातखंब्याहून रत्नागिरी. येताना जांभ्याचा चिरा. एकदा शाळा सुरू व्हायच्या आधी पाऊस लवकर आला होता आणि आम्ही घाट उतरत होतो. समोरून चढणाऱ्या गाडीच्या चाकाखालून एक खडा उडाला. आवाज अगदी लहान आला, ठप्प, बोट मोडल्यासारखा. आणि पुढच्या क्षणाला तात्यांच्या बाजूची अख्खी काच पांढरी झाली. फुटून पडली नाही, जागेवरच राहिली; पण तिच्यातून काही दिसेना. डाव्या बाजूला दरी. तात्या झटकन माझ्याकडे कलले, माझ्या काचेतून रस्ता पाहत त्यांनी गाडी कडेला घेतली, पंचा मुठीला गुंडाळला आणि त्या पांढऱ्या काचेत भोक पाडलं. मग सगळीच खाली आली, खडीसाखरेसारखी. उरलेला घाट आम्ही उघड्या चौकटीतून येणारा पाऊस अंगावर घेत उतरलो. तात्यांनी पोत्याची खोळ पांघरली होती, मला ताडपत्रीच्या टोकाखाली बसवलं होतं. त्या काचेचे चौकोनी दाणे पुढची कितीतरी वर्षं गोधडीच्या शिवणीत, सीटच्या फटीत, हत्यारांच्या पेटीत सापडत राहिले. हाताला कापत नव्हते. मी ते गोळा करून काड्यापेटीत ठेवायची.

मला कळलं ते खूप नंतर. ती टफन काच होती. अशी काच ६०० अंशांच्या वर तापवतात आणि गार हवेचे झोत मारून झटक्यात थंड करतात. पृष्ठभाग आधी आवळतो, आतला भाग मागून आवळायला बघतो पण त्याला वाव राहत नाही. सगळी काच कायमच्या ताणात उभी. तो ताण आहे म्हणून ती मजबूत. आणि एका जागी धक्का कातडीच्या आत पोचला की तो ताण एकदम सुटतो, म्हणून तिला एक तडा जात नाही, हजार जातात. माणसाचा गळा कापू नये म्हणून ती दाण्यादाण्याची फुटते, हे चांगलंच. पण घाटात, पावसात, चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर? म्हणून पुढच्या काचेला वेगळा न्याय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० पुढची काच लॅमिनेटेडच मागतो: दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, बहुतेक ०.७६ मिलिमीटरचा. दगड लागला तर कोळ्याचं जाळं उमटतं, पण उरलेल्या काचेतून दिसत राहतं आणि तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. याचं मूळ १९०३ मधलं सांगतात. एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाच्या प्रयोगशाळेत काचेचा चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत आधी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या द्रावणाचा थर सुकून बसला होता. १९०९ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. घाटातल्या त्या प्रसंगानंतर तात्यांनी पदरचे पैसे घालून दोन्ही काचा लॅमिनेटेड करून घेतल्या. सवडीने नाही, लगेच. काकू अजून सांगतात की त्या वर्षी घराची कौलं बदलायची होती, ती राहिली.

त्याच काचा आता बदलायच्या होत्या.

त्यांचं आयुष्य संपलं ते दगडाने नाही. वायपरने वर्षानुवर्षं ओढलेले कमानीसारखे बारीक ओरखडे होतेच. रात्री समोरून एलईडीचा झोत आला की प्रत्येक ओरखडा पेटायचा आणि आता गाडी चालवणाऱ्या चुलतभावाला रस्त्याऐवजी नुसता उजेड दिसायचा. पण खरं दुखणं रबराचं होतं. काचेभोवतीचं रबर आडवं कापून पाहिलं तर त्याला दोन खोबणी दिसतात: एकीत काच बसते, दुसरीत केबिनच्या पत्र्याची कड. काच पत्र्याला कुठेही टेकत नाही. वरून तिसरी एक बारीक फट असते, तिच्यात लॉकची पट्टी दाबून बसवली की रबर फुगून दोन्हीकडे घट्ट होतं. जुनं रबर नैसर्गिक रबराचं असेल तर हवेतला ओझोन त्याला खातो, आणि खातो तेही जिथे ते ताणलेलं असतं तिथे आधी. म्हणजे कोपऱ्यांत. कोपऱ्यात केसाएवढ्या चिरा पडतात, पाणी त्यांतून आत शिरतं, पत्र्याच्या कडेवर बसून राहतं. गंज नुसता पत्रा खात नाही, तो फुगतो. फुगलेल्या गंजाने खालून काचेला रेटा दिला आणि डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला, कुणीही हात न लावता, हळूहळू वर चढत.

यात एक पाप मधल्या काळातल्या डागडुजीचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि गाड्या दिवसच्या दिवस रांगेत उभ्या राहिल्या, त्यांत आमचीही होती. उभ्या गाडीत पाऊस जास्त कळतो. चालत्या गाडीत वारा पाणी उडवून नेतो. उभ्या गाडीत ते काचेवरून ओघळत खाली येतं, रबराच्या ओठाशी थांबतं आणि वाट शोधतं. डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्यांवर, फ्यूजच्या पेटीवर टपटप. तेव्हा वाटेतच कुणीतरी बाहेरून सिलिकॉनचा पट्टा मारून दिला. पाणी थांबलं, सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या पावसात आणखी एक पट्टा, त्यावर आणखी एक. स्वस्त सिलिकॉन सुकताना जो व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो तो ॲसिटिक ॲसिडचा असतो, आणि उघड्या लोखंडावर त्याचा परिणाम काय होतो ते या वेळी काच काढल्यावर दिसलं. वरून पांढरा, गुळगुळीत, नीटस पट्टा आणि त्याखाली पत्र्याची कड बिस्किटासारखी मऊ. चूक त्या मारणाऱ्याची म्हणवत नाही. भर पावसात दुसरं काय करणार होता? पण मला त्या पांढऱ्या पट्ट्याचा राग आला. आत काय चाललंय हे त्याने इतकी वर्षं कुणाला बघू दिलं नव्हतं.

जुनी काच काढणं अवघड नाही, ही मला नवीन गोष्ट होती. पेचकसाने लॉकची पट्टी एका टोकाने उचलली की ती सळसळत पूर्ण निघून येते. मग आतून रबराचा ओठ पत्र्यावरून उलटा करायचा, सीटवर पाठ टेकून दोन्ही पाय काचेच्या वरच्या कोपऱ्यांना लावायचे आणि हळूच, धक्का न देता, रेटायचं. बाहेर एकाने दोन्ही हात पसरून उभं राहायचं. मुलाने पाय लावले, बाहेर मी आणि चुलतभाऊ. काच रबरासकट माझ्या तळहातांवर आली तेव्हा तिच्या वजनाचं आश्चर्य वाटलं. आणि त्याहून जास्त त्या उघड्या चौकटीचं. केबिनमध्ये एकदम अंगणातला वारा शिरला, कडब्याचा वास आला. पुढचा सगळा दिवस खरवडण्यात गेला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, जिथे पत्रा खचला होता तिथे कापून नवी पट्टी वेल्ड केली, मग रेड ऑक्साइड, मग रंग. तात्या मध्ये मध्ये उठून कडेवरून बोट फिरवत. जिथे बोट अडकेल तिथे पुन्हा पॉलिश पेपर. मुलाला उद्या दुसरीकडे काम होतं, तरी त्याने एकदाही घाई केली नाही. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण ग्लूची भाषा बोलणारा म्हणून त्याच्याबद्दल माझ्या मनात उगाच अढी बसली होती.

तयार काच मिळते, पण आमच्या चौकटीचा एक कोपरा पूर्वी कधीतरी ठोकून सरळ केलेला, त्यामुळे माप जुळत नव्हतं. मुलाने पुठ्ठ्याचा फर्मा कापला आणि सपाट लॅमिनेटेड काचेवर ठेवून काच कापायची हिरकणी ओढली. टफन काच अशी कापताच येत नाही. तोडायला गेलं की ती दाण्यांत जाते. लॅमिनेटेडला मात्र दोन्ही बाजूंनी रेघ मारावी लागते, वरची काच वेगळी तोडायची, खालची वेगळी, आणि मग उरतो मधला पापुद्रा, तो तुटत नाही. मुलाने रेघेवरून स्पिरिट ओतलं आणि काडी लावली. भर दुपारी ती निळी ज्योत दिसतच नव्हती, फक्त काचेवरची हवा थरथरली. पापुद्रा नरम झाला तशी त्याने फटीत ब्लेड घालून सरसर चिरत नेलं. तात्यांनी तेवढ्यात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "कुणाच्या हाताखाली शिकला रे?" त्याने सांगितलं. तात्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी त्याला चहा स्वतः नेऊन दिला.

रबर आणताना तात्यांनी दुकानात बराच वेळ लावला होता. मीटरवर मिळणारं स्वस्त रबर त्यांनी बोटांत दुमडून पाहिलं, हाताला काळं लागलं, ठेवून दिलं. दुसरं दुमडलं, घडीवर पांढुरकी रेघ आली, तेही ठेवलं. शेवटी ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं घेतलं, दुपटीहून जास्त किमतीचं. नैसर्गिक रबराच्या साखळीत ओझोनला धरायला जागा असते, ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ती नसते, म्हणून ऊन-वाऱ्यात ते टिकतं. तात्यांना हे रसायन ठाऊक नाही. त्यांना दुमडून बघणं ठाऊक आहे, आणि दोघांचं उत्तर एकच आलं.

मग दोरी. मला या कामातला सगळ्यात सुंदर भाग हा वाटतो. रबर काचेभोवती चढवून घेतात. त्याच्या दुसऱ्या खोबणीत, जी पत्र्यावर बसणार असते तिच्यात, चारी बाजूंनी नायलॉनची दोरी भरतात आणि दोन्ही टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवरून ओलांडून आत लोंबती सोडतात. चौकटीला आणि रबराला साबणाचं पाणी फासतात. डिझेल किंवा ग्रीस लावायचं नाही, तेलाने रबर फुगतं. काच बाहेरून चौकटीला टेकवली, मुलगा बाहेर तळहाताने थापट्या देत राहिला आणि तात्या आत बसून दोरीचं एक टोक ओढू लागले. दोरी बाहेर येते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून वर चढतो आणि आतल्या बाजूला पडतो. वीतभर ओढायचं, थांबायचं, बाहेरून थापट्या, पुन्हा वीतभर. कोपऱ्यावर दोरी अडते. तिथे ओढणाऱ्याला आणि थापटणाऱ्याला एकमेकांचं ऐकावं लागतं. काचेतून दिसत असतं, आवाज मात्र अस्पष्ट येतो. "हां... थांब... आता दाब." तात्यांच्या हातात पूर्वीचा जोर नाही, पण घाई नसलेला ताण आहे. उजव्या कोपऱ्यावर मुलाने दोन्ही तळहात लावून अंग टाकलं आणि दोरी एकदम मोकळी सुटली, साबणाचा फेस तात्यांच्या मिशांवर उडाला. चुलतभाऊ टाळ्या वाजवायला लागला.

नव्या गाड्यांच्या काचा पॉलियुरेथेनने चिकटवलेल्या असतात आणि त्याला सबळ कारणं आहेत. चिकटवलेली काच केबिनचा भाग होते, छताला आधार देते, अपघातात जागा सोडत नाही. एअरबॅग फुगताना काही गाड्यांत ती काचेवर रेलते. माझ्या लेकीच्या गाडीची काच रबरात बसवलेली असती तर मला काळजीच वाटली असती. मुलगा चुकीचं काही सांगत नव्हता. पण १२१० ची चेसिस रिबिटांनी जोडलेली, पिळ खाण्यासाठीच बांधलेली. घाटात एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की ती वळते, वर लाकडी केबिन वेगळ्याच तालात करकरते, पुढचा पत्रा तिसरंच काही करतो. या सगळ्यात न वाकणारी एकच वस्तू आहे, ती काच. तिला घट्ट चिकटवली तर पहिल्या पिळाला तडा. रबर तिला थोडं हलू देतं, म्हणून ती उभी राहते.

हे झालं यंत्राचं कारण. तात्यांचं कारण त्यात होतं, पण तेवढंच नव्हतं असं मला वाटतं. मी संध्याकाळी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चिकटवली की आतलं दिसत न्हाई गं. पत्रा कुजला तरी कळायचं न्हाई. आणि माझ्या मागं याला" – चुलतभावाकडे बोट – "कुठं गाडी उभी राहिली तर दोरी आणि साबण गावात मिळतंय." त्यांच्या बोलण्यात जुन्याचं कौतुक नव्हतं. ज्याच्या हातात गाडी जाणार, त्याला ती उघडता आली पाहिजे, बघता आली पाहिजे, एवढीच मागणी. मला आमच्या घरातली फुटलेली कितीतरी उपकरणं आठवली, ज्यांना स्क्रू दिसत नाही, ज्यांच्या पोटात काय आहे ते कुणालाच पाहता येत नाही, आणि जी फेकताना मला प्रत्येक वेळी चोरी केल्यासारखं वाटतं. ज्यांनी ती बनवली त्यांनीही सबळ कारणं दिली असतीलच. तरीही मला तात्यांची मागणी रास्त वाटते, आणि ती मागण्याचा हक्क आपण हळूहळू सोडून दिला याचं वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र गेली. जुन्या काचेच्या वरच्या कडेला पिवळ्या-लाल रंगात पेंटरने हाताने लिहिलेलं होतं, जोतिबाच्या नावानं चांगभलं. 'ज'चा काना त्याने खाली पिसासारखा ओढला होता. आता रेडियमवाला मशीनवर अक्षरं कापून देतो. ती ठसठशीत असतात, दुरून वाचता येतात, पण ओढलेला काना त्यांत नाही. चुलतभावाने ती लावूनही घेतली. तात्यांना मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, "नाव हाय न्हवं?" मला वाटतं ते वाटतंच, आणि मला ते त्यांच्यासारखं पटकन बाजूला ठेवता येत नाही.

नळीने पाणी मारून बघितलं, आत बोटभरही ओल नाही. खरी परीक्षा मृगात. पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री मी फोन केला. चुलतभाऊ मलकापुरात थांबला होता. "काचेतनं थेंब न्हाई," तो म्हणाला, "पण डाव्या दारातनं येतंय. वरच्या बिजागरीपाशी." त्याला म्हटलं, आत्ता सिलिकॉन मारू नकोस, फडकं कोंब आणि सकाळी दाराच्या रबराचा एक तुकडा कापून फोटो पाठव, कडेची जाडीही मोज. मी नाना पेठेत विचारते, तात्यांना सांग मीटरवरचं घेणार नाही. तो म्हणाला, दोन्ही दारांचं आण, उजव्याचंही आता फार दिवसांचं राहिलेलं नाही.